निवृत्तीचा पैसा आणि शेअर बाजार: बेळगाव भागातल्या माणसानं कसं जावं, पायरी पायरीनं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ पासबुक घेऊन घरी आले. उद्यमबागेतल्या फौंड्रीत ३१ वर्षं काम करून ५८ व्या वर्षी रिटायर झालेले. पीएफ जमा झाला होता, ग्रॅच्युइटीचा चेक वटला होता. चहा पुढ्यात यायच्या आधीच म्हणाले, "वैनी, शेअरमध्ये घालावं म्हणतोय. कुठला घेऊ सांगा की." मी म्हटलं, "भावोजी, शेअरचं मागनं बघू. ह्यातले किती पैसे कधी लागणार आहेत?" ते गप्प झाले. पासबुकाचं शेवटचं पान उघडून बराच वेळ त्याच आकड्याकडे बघत राहिले.

मी ३२ वर्षं बँकेच्या काऊंटरवर काढली, आधी खानापूर, मग निपाणी आणि शेवटी बेळगाव. निवृत्तीचा पैसा बुडताना मी पाहिलाय, आणि भीतीपोटी सगळाच्या सगळा एफडीत ठेवून महागाईनं तो विरघळतानाही पाहिलाय. पहिलं नुकसान एका दिवसात कळतं. दुसरं कळायला दहा वर्षं जातात, आणि तोवर हातात काही करण्यासारखं उरत नाही. म्हणून बाजारात जाऊच नका, असं मी कुणाला सांगत नाही. जायच्या आधी प्रत्येक रकमेला तारीख लावा, एवढं मात्र हट्टानं सांगते. हा पैसा कधी लागणार ते ठरलं की तो कुठं ठेवायचा हे आपोआप सुटत जातं.

पहिले तीन महिने

पैसा जमा झाल्यापासून तीन महिने बाजाराकडे बघू नका. तो सेव्हिंगमध्ये किंवा छोट्या मुदतीच्या एफडीत पडू दे. या काळात देणी फेडा. सोनं गहाण असेल तर सोडवा, क्रेडिट सोसायटीचं कर्ज असेल तर बंद करून दाखला घ्या, उसनवारी मिटवा. सोनं गहाण ठेवून घेतलेल्या कर्जावर १० ते १२ टक्के व्याज चालू असताना बाजारात पैसा घालण्याला काही अर्थ नाही. बाजार तेवढं देईलच याची खात्री कुणी देत नाही, व्याज मात्र नक्की चढतं.

पीएफवाल्यांनी पेन्शनसाठी १० डी फॉर्म भरलाय की नाही ते बघावं. रक्कम हातात आली म्हणून पेन्शनचा फॉर्म राहून गेलेली माणसं मला काऊंटरवर भेटलेली आहेत.

आणि घरात स्पष्ट बोला. मुलाला वरचा स्लॅब टाकायचाय, मुलीचं लग्न आहे, धाकट्याला दुकान घालून द्यायचंय. जे द्यायचं ठरलंय ते आत्ताच बाजूला काढा. द्यायचं नसेल तर तेही आत्ताच सांगा. "बघू पुढं" म्हणून ठेवलेला पैसा सगळ्यांनी आपापल्या मनात खर्च करून टाकलेला असतो.

पैशाला तारीख लावणे

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. मळणी होऊन भात घरात आलं की आजी त्याची वाटणी करायची. एक कणगी खाण्याची. एक बियाण्याची, तिचं तोंड शेणानं लिंपून बंद. त्यातून उरेल तेवढंच पोत्यात, आणि ते दर बघून विकायचं. दर पडला तर पोती तशीच भिंतीला लागून राहायची, पण आमच्या घरात कधी चूल थांबली नाही, कारण विकायच्या भातावर आमचं जेवण नव्हतं. बाजारात पैसा घालायचा तो त्या पोत्यातला. कणगीतला नव्हे.

हेच आकड्यात मांडू. गल्लीतल्या त्या भावोजींचे आकडे बदलून एक उदाहरण घेते. देणी फेडून हातात राहिले ३० लाख. नवरा-बायको दोघं, घर स्वतःचं. महिन्याचा खर्च २४,५०० रुपये, त्यात मेडिक्लेमचा हप्ता, औषधं, लग्नकार्याचा आहेर सगळं धरलेलं. हा आकडा अंदाजानं लिहू नका, मागच्या बारा महिन्यांचं पासबुक घेऊन बसा. पीएफची पेन्शन ३,२०० आणि वरच्या खोलीचं भाडं ५,०००. म्हणजे दरमहा तूट १६,३०० रुपये, वर्षाला १,९५,६००.

आता ३० लाखांचे तीन भाग. २० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याच्या ८.२ टक्के दरानं वर्षाला १,६४,००० रुपये, म्हणजे दर तीन महिन्यांनी ४१,००० खात्यावर येतात. ५ लाख बँकेच्या एफडीत, एकाच पावतीत न घालता एक-एक लाखाच्या पाच पावत्या वेगवेगळ्या मुदतीच्या. साडेसहा टक्के धरले तर ३२,५०० व्याज येतं. दोन्ही मिळून १,९६,५००. तूट भरली. आजारपण आलं तर एखादी पावती मोडता येते, बाकीच्यांना हात लागत नाही.

उरले ५ लाख. घर आज चाललंय, मग ते पण एफडीत का नकोत? कारण २४,५०० चा खर्च तेवढाच राहणार नाही. महागाई ६ टक्के धरली तर दहा वर्षांनी त्याच घराला महिन्याला ४४,००० च्या घरात लागतील, आणि व्याज मात्र आजच्याइतकंच असेल. पीएफची पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही. ती दरी ज्या पैशानं भरायची त्याची तारीख आजपासून सात-दहा वर्षं पुढची आहे. हे ५ लाख म्हणजे पोत्यातलं भात. याच्या बाहेरचा एक रुपयाही बाजारात नको.

तुमच्याकडे ३० ऐवजी १२ लाख असतील तर? तर बहुतेक वेळा पोत्यात घालायला काही उरत नाही, आणि तसं असेल तर बाजारात जाऊ नये. हे मी निपाणीच्या विडी कारखान्यातल्या बायकांनाही सांगत आले. थोडा पैसा असलेल्यानं तो वाढवायला धोका पत्करावा असं लोक म्हणतात, पण थोडा पैसा असलेल्यालाच तो परत मिळवायला वेळ नसतो.

कणगी भरून घेणे

ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात आणि बहुतेक बँकांत मिळते. कमाल मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षं, पुढे वाढवता येते. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण तुम्ही भरलेल्या दिवशी जो दर असतो तो पूर्ण पाच वर्षं टिकतो. साधारण वय ६० लागतं. ५५ ते ६० मधल्या निवृत्तांना मात्र निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं काढावं लागतं, सोबत कंपनीचं पत्र लागतं. फौंड्रीतून ५८ ला सुटणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण ती चुकली की ६० पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. लष्करातून निवृत्त झालेल्यांना ५० पासून सवलत आहे. आपल्याकडे मराठा लाईट इन्फंट्रीची परंपरा असलेली घरं गल्लोगल्ली आहेत, पण हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

पोस्टाची मासिक प्राप्ती योजनाही चांगली, एकट्याला ९ लाख आणि जोड खात्याला १५ लाखांपर्यंत, दर सध्या ७.४ टक्के.

आता सोसायट्या. आपल्या भागात सोसायटीशिवाय पान हलत नाही हे मला ठाऊक आहे. चेअरमन ओळखीचे असतात, पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करणारा पोरगा घरचा असतो, दर बँकेपेक्षा दोन टक्के जास्त असतो. पण एक फरक समजून घ्या. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. क्रेडिट सोसायटीच्या ठेवीला हा विमा नाही. माझ्या सासूबाईंचे तीन लाख असेच एका सोसायटीत अडकले. पावती अजून कपाटात आहे, सोसायटीच्या दाराला मात्र कुलूप आहे. त्या शेवटपर्यंत विचारायच्या, "पावती आहे न्हवं आपल्याकडं?" मी बँकेत नोकरीला असून मला वेळेवर त्यांना सांगता आलं नव्हतं, म्हणून आता सगळ्यांना सांगते. पावतीवर बँकेचं नाव आहे की सोसायटीचं ते आधी वाचा. बोर्डवरचा रंग आणि काऊंटरची काच दोन्हीकडे सारखीच असते.

बाजार पडतो म्हणजे किती पडतो

शेअर म्हणजे धंद्यातला हिस्सा. बेळगावच्या माणसाला हे परकं वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात, पुढं १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. आपण किर्लोस्कर रोडवर खरेदी करतो, आणि त्या घराण्याच्या कंपन्यांचे शेअर आज कुणालाही बाजारात घेता येतात. धंदा वाढला तर हिस्सेदाराचा पैसा वाढतो, धंदा बसला तर बसतो. रोजचा भाव मात्र धंद्यापेक्षा लोकांच्या भीतीवर आणि हावेवर जास्त हलतो.

किती हलतो ते बघा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या भावावरून काढलेला बाजाराचा आकडा, २१,००० च्या वर होता. मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या आसपास आला. त्या जानेवारीत कुणी ५ लाख घातले असते तर चौदा महिन्यांत कागदावर दोन लाखांच्या आत-बाहेर राहिले असते. २०१० च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा २१,००० ला टेकला, परत घसरला, आणि जुना उच्चांक ओलांडायला २०१३ ची दिवाळी उजाडली. जवळजवळ सहा वर्षं. उलट २०२० मध्ये जानेवारीतले ४२,००० मार्चमध्ये २६,००० झाले आणि त्याच वर्षीच्या दिवाळीपर्यंत भरून निघाले. कुठल्या खेपेला सहा वर्षं लागतील आणि कुठल्या खेपेला दहा महिने, हे आधी सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

म्हणून सात वर्षांच्या आतली तारीख असलेला पैसा तिथं नको म्हणते. आणि एक परीक्षा घरीच घ्या. बायकोला, किंवा नवऱ्याला, समोर बसवून विचारा: हे ५ लाख दोन लाख झालेले दिसले आणि पाच वर्षं तसेच दिसत राहिले, तर आपण काढून घेणार की थांबणार? "काढून घेणार" असं उत्तर आलं तर रक्कम निम्मी करा. पुन्हा विचारा. ज्या रकमेला दोघंही शांतपणे "थांबू" म्हणतात, तीच तुमची रक्कम.

खातं उघडताना नावाचा घोळ

म्युच्युअल फंड (अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवणारी योजना) घ्यायला डिमॅट खातं (शेअर ठेवायचं इलेक्ट्रॉनिक खातं) लागत नाही, हे पहिलं. डिमॅट लागतं ते थेट शेअर किंवा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) घ्यायला. साध्या निवृत्त माणसाचं काम फंडावर भागतं. पॅन, आधार, बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक आणि केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) एवढं पुरतं.

पण केवायसी आपल्याकडे अडतं कुठं, तर नावात. आपल्या भागातल्या माणसाची कागदपत्रं दोन भाषांतून फिरून आलेली असतात. शाळेचा दाखला मराठी, आधार कन्नड आणि इंग्रजी, पॅन नुसतं इंग्रजी. 'ज्ञानेश्वर' हे नाव मराठी माणूस इंग्रजीत 'डी-एन-वाय' नं सुरू करतो, कन्नड वळणाचा ऑपरेटर 'जे-एन' नं सुरू करतो. एकाच माणसाचे झाले दोन. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव, त्यात वडिलांचं की नवऱ्याचं. पत्त्यात कुठं बेळगाव, कुठं २०१४ नंतरचं बेळगावी. पत्त्यातल्या या फरकानं सहसा अडत नाही. नावातल्या एका अक्षरानं अडतं.

म्हणून आधी पॅन, आधार आणि पासबुक एका टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि बोटानं एकेक अक्षर ताडून बघा. जन्मतारीखही. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा, खातं मग. पंधरा दिवस जातात, पण हेच काम पुढं वारसाला करावं लागलं तर त्याचं वर्ष जातं.

सही मराठीत करत असाल तर मराठीतच करा. ती पूर्ण चालते, फक्त बँकेत नोंदवलेल्या सहीशी जुळली पाहिजे. मोबाइल नंबर स्वतःचा द्या. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा नंबर दिला की ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि पैसा तुमचा असूनही दर वेळी विचारावं त्याला लागतं. खातं नवरा-बायकोच्या नावानं जोड काढता येतं, "दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला" हा पर्याय निवडा. नॉमिनी भरल्याशिवाय फॉर्म देऊ नका.

घरात जुने कागदी शेअर सापडले तर टाकून देऊ नका. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर ते सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत गेलेले असतात, पण तिथूनही अर्ज करून परत मिळतात.

काय घ्यायचं

माझं उत्तर कंटाळवाणं आहे: निफ्टी ५० चा इंडेक्स फंड. देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा हिस्सा एकाच खरेदीत मिळतो. कुठला शेअर चढेल हे ओळखायचं काम कुणाकडेच नसल्यामुळे खर्चही कमी असतो. एक कंपनी बुडाली तर तिची जागा दुसरी घेते. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा बाहेर आला तेव्हा ज्यांचा सगळा पैसा त्या एका शेअरात होता ते बसले. तोच शेअर पन्नासातला एक म्हणून ज्यांच्याकडे होता, त्यांना फक्त ओरखडा पडला.

फंडात 'डायरेक्ट' आणि 'रेग्युलर' असे दोन प्रकार असतात. फंड तोच. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातून जातं, फंडानुसार कमी-जास्त, इंडेक्स फंडात सहसा अर्ध्या टक्क्याच्या आत. ५ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला २,५०० होतात. मोबाइलवर स्वतः व्यवहार जमत असेल तर डायरेक्ट घ्या. जमत नसेल तर चांगल्या वितरकाला हे पैसे देण्यात काही चूक नाही. बाजार पडलेल्या दिवशी फोन उचलून "काका, थांबा" म्हणणारा माणूस त्या पैशाला महाग नाही. फक्त त्याचा एआरएन नंबर (फंड विकण्यासाठीचा नोंदणी क्रमांक) विचारा आणि एका बैठकीत सही करू नका.

आता नको ते. बँकेच्या काऊंटरवर एफडीची चौकशी करताना कुणी 'पाच वर्षांची स्कीम' पुढं केली तर ती विमा आहे का, ते विचारा. युलिपमध्ये, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र बांधलेल्या पॉलिसीत, पाच वर्षं पैसा अडकतो. मी नोकरीत असताना आम्हाला विम्याचं टार्गेट असायचं, आणि पीएफ जमा झालेलं खातं कुठल्या नजरेनं बघितलं जातं ते मी आतून पाहिलंय.

फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर लावलेल्या सौद्यांच्या, वाटेला जाऊ नका. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब काढला तेव्हा असा व्यवहार करणाऱ्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात निघाले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. शंभरातल्या त्या सात जणांत आपण असू असं प्रत्येकाला वाटतं. निवृत्तीच्या पैशानं ते वाटणं तपासून बघू नका.

थेट शेअर घ्यायची हौस असेल, सकाळी पेपरात भाव बघायला आवडत असेल, तर बाजारासाठी काढलेल्या रकमेतला दहावा हिस्सा, इथं ५०,०००, त्यासाठी ठेवा. ते संपले की हौस संपली, भर घालायची नाही.

पिग्मीसारखं भरा

एकगठ्ठा घालू नका. २००८ च्या जानेवारीत एकगठ्ठा घातलेल्याचं काय झालं ते वर लिहिलंय. पिग्मीची सवय आपल्याला आहेच, त्याच चालीनं जायचं. ५ लाख आधी एखाद्या फंड कंपनीच्या लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसा लवकर काढता येणारा फंड) ठेवा आणि तिथून दरमहा २५,००० त्याच कंपनीच्या इंडेक्स फंडात वळते करण्याची सूचना द्या. याला एसटीपी म्हणतात. वीस महिन्यांत रक्कम पोचते. मध्ये बाजार पडला तर तेवढ्याच पैशात फंडाचे जास्त हिस्से (युनिट) येतात. तेव्हाच हात थरथरतो आणि लोक एसटीपी बंद करायला सांगतात. बंद करू नका. पडलेल्या महिन्यातली खरेदी हीच पुढं कामाला येते.

मग रोज बघायचं नाही. आमच्या घरी आम्ही दिवाळीचा पाडवा ठरवलाय. त्या दिवशी स्टेटमेंट काढायचं, वहीत आकडा लिहायचा, वही बंद. सात वर्षं होईपर्यंत एवढंच काम.

सातव्या वर्षापासून पाडव्याला एक निर्णय असतो. बाजार चढलेला असेल तर पुढच्या वर्ष-दीड वर्षाची तूट भरेल एवढी रक्कम काढून एफडीत टाका. पडलेला असेल तर हात लावू नका, एफडीच्या पावत्यांवर वर्ष काढा. पाच पावत्या केल्या त्या यासाठीच.

कराचं थोडक्यात. वर्षापेक्षा जास्त ठेवून विकलं तर वर्षाला १.२५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावर १२.५ टक्के. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के. १२ लाखांपर्यंत कर नाही असं आपण ऐकलेलं असतं, पण ती सवलत शेअरच्या या नफ्याला लागू नाही. म्हणून काढायचं ते दरवर्षी थोडं थोडं काढावं.

ओटीपी, ॲप आणि महिन्याला पाच टक्के

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बाजार पडून बुडालेल्यांपेक्षा फसवून बुडालेली माणसं मी हल्ली जास्त बघते.

टिळकवाडीत राहणारे माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक. त्यांना न विचारता कुणीतरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपमध्ये दोनशे माणसं, रोज कुणी ना कुणी नफ्याचा फोटो टाकायचं. सरांना एक ॲप उतरवायला लावलं. त्यांनी आधी १०,००० घातले, ॲपवर १४,००० दिसले, आणि मागितल्यावर ते १४,००० खात्यावर आलेसुद्धा. तिथं सरांचा विश्वास बसला. मग गेले ४ लाख. ॲपवर ११ लाख दिसत होते. काढायला गेले तर "आधी कर भरा" म्हणून ६०,००० मागितले. सरांनी तेही भरले आणि मग माझ्याकडे आले. मी फक्त एकच मागितलं: पैसे कुठल्या खात्यावर गेले ते बँकेच्या स्टेटमेंटवर दाखवा. चार वेगवेगळी खाती होती. एक कुठल्याशा ट्रेडर्सचं, एक एंटरप्रायझेसचं, दोन खासगी माणसांची. त्यात दलालाचं किंवा फंडाचं एकही नव्हतं. ग्रुपमधले ते दोनशे लोकही खरे नव्हते.

पैसे पाठवण्याआधी समोर येणारं खातेदाराचं नाव मोठ्यानं वाचा. तिथं नोंदणीकृत ब्रोकरचं किंवा म्युच्युअल फंडाचं नाव नसेल तर थांबा. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीनं नोंदणीकृत संस्थांसाठी वेगळे यूपीआय पत्ते आणलेत, त्यांच्यात 'ॲट' च्या चिन्हापुढं 'व्हॅलिड' हा शब्द असतो. सेबी चेक या सोयीतून तो पत्ता खरा आहे का, हे ताडता येतं. नोंदणी क्रमांकही विचारावा. ब्रोकरचा 'आयएनझेड' नं सुरू होतो, सल्लागाराचा 'आयएनए' नं, शेअर सुचवणाऱ्या विश्लेषकाचा 'आयएनएच' नं. तो क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. त्यांनी पाठवलेल्या लिंकवर शोधू नका.

दुसरा प्रकार आपल्या ओळखीतला. "मी ट्रेडिंग करतो, माझ्याकडे पैसे द्या, महिन्याला पाच टक्के देतो." सोबत शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर करारनामा आणि पुढच्या तारखेचा चेक. पहिले पाच-सहा महिने पैसे येतात, ते मागून आलेल्या माणसाचे असतात. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. साठ टक्के खरोखर मिळवणारा माणूस तुमच्या ओसरीवर तुमचे दोन लाख मागायला येत नाही, त्याला बँक कर्ज देते. तो भाचा असो, गावचा असो, देवळाच्या कमिटीवर असो, गणित तेच राहतं.

आपल्या डिमॅटचा पासवर्ड किंवा ओटीपी देऊन "तुम्हीच चालवा" असं कुणालाही सांगू नका. ज्यात तुम्ही सही केली नाही त्या तोट्याचे धनी तुम्हीच असता.

आणि फसलात तर लाजून घरी बसू नका. सरांनी आठ दिवस बायकोलाही सांगितलं नव्हतं. पहिल्या काही तासांत १९३० या नंबरवर फोन केला तर पैसे पुढं सरकण्याआधी खातं गोठवण्याची शक्यता असते. सोबत आपल्या बँकेतही लेखी तक्रार द्या. नोंदणीकृत ब्रोकर किंवा फंडाविरुद्ध तक्रार असेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते, आणि १८०० २२ ७५७५ या फुकट नंबरवर मराठीतूनही बोलता येतं. कन्नड किंवा इंग्रजी अडतं म्हणून गप्प राहिलेली माणसं मला माहीत आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

वही

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे आणि बहुतेक घरांत ते झालेलं नसतं. काऊंटरवर माझ्यासमोर कितीतरी बायका नवऱ्याच्या दहाव्या-बाराव्यानंतर पिशवीभर कागद घेऊन आल्या. कुठं काय आहे ते सांगता येत नव्हतं, कारण त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं.

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर बँक खाती आणि पावत्या: बँक, शाखा, रक्कम, मुदत कधी संपते, नॉमिनी कोण. दुसऱ्यावर पोस्टाचं. तिसऱ्यावर फंड: कंपनीचं नाव, फोलिओ नंबर (फंडातला आपला खाते क्रमांक), कुणाच्या ओळखीनं घेतलं त्याचा फोन. चौथ्यावर विमा आणि मेडिक्लेम, हप्ता कधी. पाचव्यावर घराचा उतारा कुठं ठेवलाय, कुणाला किती उसने दिलेत, कुणाचे किती घेतलेत. पासवर्ड लिहू नका, पण कुठला ईमेल आणि कुठला मोबाइल नंबर जोडलाय ते जरूर लिहा. मग जोडीदाराला शेजारी बसवून प्रत्येक ओळ वाचून दाखवा, आणि पुढच्या पाडव्याला वही त्यांना वाचायला लावा.

गल्लीतल्या त्या भावोजींनी वही केली. तीन महिन्यांच्या आत पोस्टात खातं काढलं, एसटीपी चालू झाली. गेल्या पाडव्याला त्यांची बायको वही घेऊन आली होती. फोलिओ नंबरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "वैनी, हे काय असतं तेवढं नीट सांगा. ह्यांना विचारलं तर घाईत सांगतात." आम्ही दोघी मग चहा होईपर्यंत तिसऱ्या पानावर बसलो.